सहा फुटांची सावली

चंद्रपूरच्या त्या नव्या इमारतीला सहा फुटांचा छज्जा फुटला होता. तो कापायचा की ठेवायचा, हे ठरवायला कंपनीने शैलजा वानखेडेला पाठवलं. बांधकामाची यंत्रं आता नकाशे वाचत नसत; जाहिरातीचं चित्र दाखवलं की हुबेहूब तसंच उभं करत. हे चित्र शैलजाचे सहकारी चित्रकार थत्तेकाका यांचं होतं. छज्जा चूक ठरवून कापला, की त्यांची नोकरीही गेलीच.

"काका, तुमच्या चित्रात छज्जा कुठे आहे?" इमारतीसमोर उन्हात उभ्या शैलजाने विचारलं.

"नाहीच. सावली आहे," काका शांतपणे म्हणाले. "पांढरी भिंत सपाट दिसत होती, म्हणून खाली गडद सावली भरली. ती पडायला काय लागतं, ते यंत्राने शोधलं."

"पण आपण सगळे तर चित्रांत संध्याकाळचं ऊन घालतो," शैलजा म्हणाली. " सावल्या आपोआप लांब पडतात."

"मे महिन्यात इथे दुपारी दोनला कोण आलंय तुमच्यापैकी?"

दोनच वाजले होते. रस्ता तव्यासारखा तापला होता आणि अख्खा चौक छज्ज्याखाली दाटीवाटीने उभा होता. एक ताकवाली ओरडली, "उन्हात काऊन उभ्या, मॅडम? या ना, सरकतो आम्ही!"

शैलजा आत सरकली आणि तिची मान भाजायची थांबली. इतकी वर्षं तिनेही चित्रांत सावल्या भरल्या होत्या. त्यातल्या एकीतही उभं राहायची सोय नव्हती.

तिथेच तिने अहवाल लिहिला : "काम चित्राबरहुकूम आहे. छज्जा कापण्याआधी चित्रातली सावली पुसावी लागेल. तिथे सध्या माणसं उभी आहेत."