सदुसष्टच्या आधीची नोंद

"जिना नव्वद सेंटिमीटर. आजच्या नियमाला एकशेवीस हवा," इमारत तपासनीस म्हणाला आणि फाईल जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर ठेवली.

"अहो, पण इमारत काय आजची आहे का?" बरोबर आलेले शिंपीकाका वैतागले. "मीच तीस वर्षं त्या जिन्याने चढतोय."

"कागदावर ती अजून बांधून पूर्णच झालेली नाही, काका. बांधणारा भोगवटा दाखला न घेताच पसार झाला. दाखला नाही म्हणजे इमारत आजची आणि नियमही आजचे."

"मग आमची चौदा बिऱ्हाडं राहतात कुठे? हवेत?"

खिडकीपलीकडच्या कारकूनबाई हसल्या नाहीत. चौदांतलं एक बिऱ्हाड त्यांचंच होतं. दुसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांची आई. आईने चार वर्षांत जिना उतरलेला नव्हता.

तपासनीस काही वाईट माणूस नव्हता. उलट पठ्ठ्याने नियमांतूनच एक वाट काढून आणली होती. सदुसष्ट सालाच्या आधी इमारतीत माणसं राहत होती असं दाखवलं, की जुना नियम लागतो. आणि जुन्या नियमाला नव्वदचा जिना चालतो. विजेचं मीटर निघालं एकाहत्तरचं, घरपट्टी एकोणसत्तरपासूनची. आता त्या पत्त्यावर कुणाचा जन्म नाहीतर मृत्यू सापडला, तर शिक्क्याची एक नक्कल पुरे होती. पाच वाजता अहवाल वर जाणार होता. त्यात ती नक्कल नसली, तर महिन्याभरात इमारत रिकामी.

"ताई, तुमचा जन्म तिथलाच, पण तुम्ही निघालात अडुसष्टच्या," काका म्हणाले. "जरा घाई केली असतीत तर आमची ही पायपीट वाचली असती."

बाईंनी जुनं रजिस्टर काढलं. पान शोधायची गरज नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते त्यांनी कितीदा तरी गुपचूप उघडून पाहिलं होतं. डिसेंबर पासष्ट. स्त्री. जन्मस्थळ, राहतं घर. खाली तोच पत्ता, तोच मजला. त्यांच्या वडिलांनी शाळेत घालताना वय चांगलं तीन वर्षांनी कमी लावलं होतं. पोरीला पुढे नोकरी लागली तर तीन वर्षं जास्त टिकेल, एवढाच बापाचा विचार. पोर अंगाने किरकोळ, खपून गेलं. मग तीच तारीख नोकरीच्या कागदांवर चढली. खऱ्या तारखेने बाई गेल्याच वर्षी निवृत्त व्हायला हव्या होत्या. नक्कल बाहेर पडली की चौकशी बसणार, पेन्शन अडकणार, आणि एकही दिवस उशिरा न आलेल्या बाईला सगळे लबाड म्हणणार.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. त्या सालची निम्मी पानं वाळवीने खाल्लेली. रजिस्टर त्यांच्याच ताब्यात, कोण बघायला येणार होतं?

"नसेल तर तसं सांगा, ताई," काका हळूच म्हणाले. "सुनेला नववा महिना लागलाय. तिला कुठे न्यायचं, ते तरी बघायला घेतो."

नकलेचा कोरा कागद ओढून बाईंनी नोंद उतरवायला घेतली. तारीख, पत्ता, मजला. दोनदा ताडून पाहिलं, शिक्का मारला.

"सापडलं?" तपासनीस खिडकीतून वाकून वाचू लागला. "डिसेंबर पासष्ट. झकास! काका, सुटलात. आता फक्त अर्जावर सही हवी. ती मुलगी स्वतः, नाहीतर तिचा कुणी नातलग. म्हातारी झाली असेल म्हणा आता. शोधायची कुठे?"

"अर्ज भरते मी," बाई म्हणाल्या.

अर्जदाराच्या जागी त्यांनी आपलं नाव लिहिलं. तपासनीस उलटं वाचत होता, त्याच्या कपाळावर आठी पडली. पुढचा रकाना होता, नोंदीतील व्यक्तीशी नातं. पेन तिथे थोडं थांबलं. मग बाईंनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'स्वतः'.