उभ्याचं काम

"या पाटावर चढा आणि उभ्या राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि इस्त्रीवाल्या काकूंना एवढ्या दुखण्यातही हसू आलं. दुखणं उभं राहून आलेलं, आणि ते दाखवायचं तर पुन्हा उभंच राहायचं. घ्या!

"आडव्या झालात की शिरा लपतात," बाईंनी समजावलं. "उभं राहिलं की रक्त खाली साचतं, मग त्या फुगून वर येतात. रात्री पाय वर घेऊन पडलं की बरं वाटतं का?"

"वाटत असेल," काकू म्हणाल्या. "पडल्या पडल्या झोपच लागते. कळायला जागी असते कुठे मी?"

डाव्या पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरांचा नुसता गुंता झाला होता. घोट्याजवळची कातडी काळवंडली होती आणि तिथली एक जखम काही केल्या भरत नव्हती. बाईंनी गार जेल लावून यंत्र फिरवलं. रक्त वर चढवणाऱ्या झडपा निकामी झाल्या होत्या. वर गेलेलं रक्त पुन्हा खाली उतरत होतं.

इस्त्रीचं दुकान घरचंच. नवरा स्कूटरवरून कपडे आणायचा आणि पोचवायचा, दीर गिऱ्हाईक सांभाळायचा आणि इस्त्री काकू करायच्या. बसून इस्त्री होत नाही. त्यांनी करून पाहिलं होतं, हाताला जोरच येत नाही, कॉलर धड बसत नाही. दुकानात एक स्टूल होतं, ते गिऱ्हाइकासाठी. शटर पडलं की काकू घरी येऊन शेगडीपुढे उभ्या राहायच्या. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण दुसरं कुणी उभंही राहत नव्हतं.

नवरा वाईट नव्हता बिचारा. बायकोचे सुजलेले पाय पाहून त्याचा जीव तुटला, आणि दुसऱ्याच दिवशी तो बाजारातून जाड रबरी चटई घेऊन आला. टेबलामागे स्वतःच्या हाताने अंथरली. "आता उभं राहायला कसं मऊ मऊ," तो म्हणाला. खुर्ची आणावी असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर काकूंच्याही आलं नाही.

तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर नवरा आणि दीर बसलेच होते. "बसा ना ताई, बाहेरून खुर्ची मागवते," बाई म्हणाल्या.

"राहू द्या. सवय आहे," काकू म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

"बारीकसारीक शिरा असत्या तर इंजेक्शनवर भागलं असतं," बाई सांगू लागल्या. "तुमची मुख्य शीरच बिघडलीय. दोन रस्ते आहेत. एक लेझरचा. गुडघ्यापाशी सुई टोचायची, तिच्यातून बारीक तार आत सरकवायची आणि शीर आतून तापवून बंद करायची. रक्त मग दुसऱ्या चांगल्या शिरांतून जातं. संध्याकाळी तुम्ही चालत घरी. चार दिवसांत बहुतेक जण कामाला लागतात."

"म्हणजे आतून इस्त्रीच की हो वहिनी," दीर म्हणाला. सगळे हसले. काकूही हसल्या.

"दुसरं जुनं ऑपरेशन. जांघेत आणि गुडघ्यापाशी चिरा देऊन शीर ओढून काढायची. टाके येतात, पट्ट्या बांधाव्या लागतात. दुखतंही जास्त. हल्ली मी लेझरच सुचवते."

"मग लेझरच करा," नवरा लगेच म्हणाला. "हिला उगाच जास्त त्रास नको. आयुष्यभर राबलीय ती."

"शुक्रवारी केलं तर बरं," दीर म्हणाला. "मंगळवारी हॉटेलच्या चादरी येतात. तोवर वहिनी ठणठणीत."

"चादरींवर मी पाणी मारून, घड्या घालून तयार ठेवीन," नवरा म्हणाला. "तिला फक्त इस्त्री फिरवायची."

काकूंना राग आला नाही. रागालाही अंगात त्राण लागतं. दोघंही प्रेमानंच बोलत होते, हे त्यांना कळत होतं, आणि त्यानंच त्या जास्त दमल्या. टाच दुखत होती म्हणून त्यांनी अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"ताई, पाय तुमचा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काही विचारायचंय?"

काकूंनी विचारलं, "ते जुनं ऑपरेशन केलं तर किती दिवस उभं राहायचं नाही?"

"दोन-तीन आठवडे तरी. घरातल्या घरात थोडं चालायचं, बाकी वेळ पाय उशीवर घेऊन पडायचं."

"स्वयंपाक?"

"दुसरं कुणीतरी करेल."

"इस्त्री?"

"नावच काढू नका."

काकूंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. इतक्या वर्षांत असं त्यांना कुणी बजावलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"मग तेच करा," त्या म्हणाल्या.

नवरा ताडकन उठून उभा राहिला. "अगं, ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाल्या ते? ते जास्त दुखतं."

त्याची खुर्ची रिकामी झाली होती. काकू पुढे आल्या आणि तिच्यात बसल्या.

"दुखू दे की," त्या म्हणाल्या. "झोपून दुखेल."