पाच सीड्यांचा प्लेअर

"एक सीडी संपून दुसरी लागायला किती वेळ जातो?" गहिनीनाथने विचारलं.

"आत चकती फिरते. सात-आठ सेकंद," यास्मिन म्हणाली.

"मंग जास्तीत जास्त सीड्या बसतील असा दाखव. सारखं मधी बंद पडल्यालं चालत न्हाई."

यास्मिनने काउंटरवर दोन जुने प्लेअर मांडले. एकात तीन सीड्या बसायच्या, दुसऱ्यात पाच. असली यंत्रं आष्टीच्या बाजारात आता तिच्याच दुकानात मिळत. वडील, मैनुद्दीन, गेल्यापासून दुरुस्तीही तीच करायची. गहिनीनाथच्या घरी छातीएवढे स्पीकर होते, फक्त प्लेअर हवा होता. गावच्या राजकारणात त्याचा शब्द चालायचा.

"घरी बैठका असत्यात. आतलं बोलणं भाईर जायला नको," तो म्हणाला.

मागे स्टुलावर त्याची बायको सुभद्रा बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत ओलसर, ताजं प्लास्टर. कुणी विचारलं नव्हतं, तरी गहिनीनाथने आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "मोरीत पडली."

यास्मिनने दुकानातल्या स्पीकरना तीन सीड्यांचा प्लेअर जोडून गाणं लावलं. गहिनीनाथ बाहेर गेला. काचेचं दार ओढून रस्त्यावर उभा राहिला आणि त्याने सुभद्राला खूण केली. ओरड. सुभद्रा मान खाली घालून काहीतरी पुटपुटली.

तो आत आला आणि त्याने तिच्या कानाखाली लगावली. ती मागच्या रॅकवर आदळली. ओठ फुटला.

"घरी इतक्या बारीक आवाजात वरडतीस का?"

बटणावरचा यास्मिनचा हात जागीच थांबला. कसल्या बैठका, ते तिला कळलं.

"आता पाचवाला लाव. आन तू, नीट वरड." तो पुन्हा बाहेर गेला आणि दुकानासमोरच्या अल्ताफच्या फळांच्या गाड्याला टेकला.

यास्मिनने पाच सीड्यांचा प्लेअर लावून आवाज पूर्ण वाढवला. काचा थरथरल्या. सुभद्राने ओठावरचं रक्त पुसलं, यास्मिनकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं. बाहेर गहिनीनाथने कान दिला, समाधानाने मान हलवली. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. हातभर अंतरावरच्या यास्मिनला मात्र सगळं ऐकू आलं.

"यानं मोडला माझा हात! बत्त्यानं मोडला!"

यास्मिनने प्लेअरची वायर उपटली आणि लाथेने दार उघडलं.

किंकाळी बाजारात गेली. भाजीवाल्या बायका वळल्या. गहिनीनाथ धावत आत घुसला. सुभद्राचे केस धरून त्याने तिचं डोकं काउंटरवर आपटलं. पुन्हा आपटणार, तोच यास्मिनने तीन सीड्यांचा प्लेअर दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. अल्ताफ आणि आणखी दोघांनी त्याला कॉलर धरून रस्त्यावर ओढलं. तो तोंडात येईल ती शिवी देत होता. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

अल्ताफची आई, हजराबी, पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. "बाई, बस आता. झालं. गप ऱ्हा."

"न्हाई," सुभद्रा म्हणाली.

ती रक्ताने माखलेल्या तोंडाने पायरीवर येऊन उभी राहिली आणि भरल्या बाजाराला लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगू लागली.