कबुलीचं शूटिंग

“अजून एकदा घेऊ, थेन. आवाज पडला तुझा,” भानुदास म्हणाला आणि खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा सावरला.

अमेरिकेतल्या फ्रीमाँटमधला त्याच्याच घराचा हॉल. चौऱ्याण्णव सालच्या जयंतीला कॅमेरा घेतल्यापासून इथल्या मंडळींची बारशी, वाढदिवस, लग्नं सगळी भानुदासच्याच गळ्यात. आज समोर बसला होता तो त्याचा दोस्त थेन, कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा. थेनच्या देशात लष्कराचं राज्य. शाळेत शिकवणारी त्याची बहीण तुरुंगात. का, तर भर चौकात उभी राहून म्हणाली, निवडणूक घ्या.

सोफ्यावर त्याच लष्करी सरकारचा साहेब. मऊ बोलणारा माणूस. येताना संत्री घेऊन आलेला. सौदा त्यानेच सांगितला. बहीण बॉम्ब ठेवत होती, सामान मी इथून धाडलं, सरकारने पकडलं ते बरोबरच केलं, एवढं कॅमेऱ्यासमोर बोल. बहीण घरी येईल.

“अहो, त्या पोरीने खडूशिवाय काही धरलं नसेल हातात,” भानुदासची बायको उपासना किचनमधून म्हणाली.

“तू गप गं. आधी जीव तर सुटू दे. खऱ्याखोट्याचं मग बघू,” भानुदास खेकसला. आठवडाभर थेन नाही नाही म्हणत होता. त्याला तयार केलं होतं ते भानुदासनेच.

साहेब हसला. “घराला आग लागली मॅडम, की पाणी किती सांडलं ते कोणी विचारत नाही. आम्ही फक्त आग विझवतो.”

“आणि आग दिसली कुणाला?”

“तेच तर हे सांगतायत,” साहेबाने थेनकडे बोट दाखवलं.

थेनने पुन्हा सुरुवात केली. बहिणीचं नाव आलं आणि तोंडच उघडेना. भानुदासने कॅमेरा खाली ठेवला. त्याला पाणी पाजलं, आपल्या रुमालाने त्याचा घाम टिपला.

“हे बघ गड्या. ती त्या दारात उभी आहे असं समज. तू बोललास की आत येणार.”

भानुदासने कॅमेरा पुन्हा खांद्यावर घेतला. मग थेन बोलला. दाराकडे बघत असा बोलला, की घटकाभर भानुदासलाही ते खरंच वाटलं. बॉम्ब, बहीण, सरकारचे उपकार. शेवटी त्याने हात जोडले आणि तसाच बसून राहिला.

साहेबाने टेप खिशात घातली. दाराशी बूट घालायला वाकला. थेनच्याने विचारवेना, म्हणून भानुदासनेच विचारलं, “साहेब, मग ताई घरी कधी येणार?”

साहेबाने बुटाची लेस नीट आवळली.

“ती फेब्रुवारीतच तुरुंगात मेली,” तो तशाच मऊ आवाजात म्हणाला. “पण का मारली, ते लोकांना सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. ते आज तुम्ही दिलंत.”