शिडी काढण्याआधी

पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी दोन प्रवासी जहाजावर परतले नव्हते, आणि चीफ शिडीच्या तोंडाशी उभा राहून धक्क्याकडे बघत होता.

जहाजाची सुरक्षा त्याच्याकडे होती. बंदर लागलं की दोन हजार माणसं शिडीवरून गावात उतरायची. उतरताना कार्ड लावलं की मशीन टुणकन वाजायचं, परत चढताना पुन्हा टुण. दोन्ही आकडे जुळले की शिडी वर. सतरा वर्षांत चीफने एकालाही मागे सोडलं नव्हतं. याचा त्याला गर्व होता आणि हे चारचौघांत सांगायलाही तो लाजत नसे.

"कोण ते दोघं?"

"सातव्या मजल्यावरचे आजी-आजोबा," मास्तर म्हणाले. मास्तर त्याचे मदतनीस. पूर्वी शाळेत शिकवायचे, अजूनही यादीवर हजेरी घेतल्यासारखं बोट फिरवायचे. "आणि साहेब, आपल्या दुसऱ्या यादीतपण..."

"आधी प्रवासी, मास्तर. दुसरी यादी नंतर."

दुसरी यादी जहाजावर राबणाऱ्यांची. स्वयंपाकी, वेटर, खलाशी, कुणी बरोबर आणलेलं घरचं माणूस.

वॉकीटॉकी खरखरला. वरून कप्तान बोलत होता. "चीफ, पंधरा मिनिटं देतो. पाणी उतरायला लागलं की मी कुणाच्या बापासाठी थांबणार नाही."

"येतील, कप्तान."

"तुला काय स्वप्न पडलं?"

"त्यांच्या खोलीतली तिजोरी बघून आलोय. पासपोर्ट आत होते."

"मग ठीक आहे," कप्तान म्हणाला. चीफचा हा ठोकताळा सगळ्यांना माहीत होता. पासपोर्ट तिजोरीत असेल तर माणसाला उशीर झालाय. नसेल तर उशीर झालेला नाही, माणूस गेलाय. त्याच्यासाठी थांबण्यात अर्थ नसतो.

ते दोन पासपोर्ट आता त्याच्या खिशात, पाकिटात होते. दोघं आलेच नाहीत तर शिडी काढताना ते बंदरावरच्या एजंटाला द्यायचे. पाकिटात त्याने आजींच्या साखरेच्या गोळ्याही घातल्या होत्या. परक्या गावात, गोळ्यांशिवाय, त्या थकल्या जिवाचं काय होणार? त्याने पुन्हा धक्क्याकडे पाहिलं. धक्का रिकामा होता.

त्यात सातला बायकोबरोबर जेवायचं होतं. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून तिला पहिल्यांदाच फेरीवर आणलं होतं. तीन बंदरं झाली, पण तिच्याबरोबर घटकाभर खाली उतरणं काही जमलं नव्हतं. 'पुढच्या बंदरात नक्की' हे तिला तोंडपाठ झालं होतं. भरपाई म्हणून त्याने जहाजावरच्याच दुकानातून घड्याळ आणलं, जहाजाच्या वेळेवर लावून दिलं. ती हसली होती. "वेळ माझ्याकडे पोत्याने आहे हो, तुमच्याकडे नाही," म्हणाली होती. आज सकाळी डोकं दुखतंय म्हणाली. दिवसभर पडून राहते, दार वाजवू नका. बरंच झालं, आजचा दिवस तरी कुरकुर नाही, असं त्याला वाटलं होतं आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटली होती.

"साहेब," मास्तरांनी घसा खाकरला, "ती दुसरी यादी जरा नजरेखालून घालता का?"

"अहो मास्तर, कुणीतरी पिऊन पडला असेल गुत्त्यात! पडू दे. आपल्या माणसांसाठी जहाज थांबत नाही. हा नियम मीच केलाय ना?"

"हो, साहेब." मास्तर यादीची घडी करत राहिले.

पाच वीस. खलाशी शिडीचे दोर सोडायला वाकले. चीफने हात वर करून त्यांना थांबवलं. तेवढ्यात धक्क्याच्या टोकाला एक टॅक्सी करकचून थांबली आणि तिच्यातून आजी-आजोबा उतरले, अगदी बागेत फिरायला आल्यासारखे.

"पळा!" चीफ ओरडला. "आजोबा, पळा!"

"कशाला पळायचं?" आजोबांनी मनगट दाखवलं. "आत्ता कुठे चार वीस होतायत!"

"ती गावातली वेळ! जहाजावर पाच वाजून गेलेत!"

"मी सांगत होते," आजी धापा टाकत म्हणाल्या. "घड्याळ लावा, घड्याळ लावा. पण ऐकतील तर शपथ!"

टुण. टुण. मशीनच्या पडद्यावरचा बाकी प्रवाशांचा आकडा शून्यावर आला. चीफला हसावं की रडावं कळेना. त्याने आजींच्या हातात गोळ्या ठेवल्या, आजोबांच्या पाठीत हलकेच एक धपका घातला. सतरा वर्षांचं पुण्य वाचलं होतं.

"घ्या शिडी वर!"

"साहेब." मास्तर वाटेतच उभे होते. आता त्यांनी यादीची घडी उलगडून त्याच्या नाकासमोर धरली, एका आकड्यावर बोट ठेवून. शेजारचं नाव वाचायची गरजच पडली नाही. तो आकडा गेली सतरा वर्षं चीफच्या स्वतःच्या खोलीच्या दारावर होता.

"सकाळी दहाला उतरल्या," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "म्हणाल्या, साहेब कामात आहेत, त्यांना उगाच त्रास नको."

चीफ तीन मजले धावत चढला. दारावर 'झोपमोड करू नये' ही पाटी लटकत होती. आत पलंगावरची चादर चापूनचोपून घातलेली होती. त्याने तिजोरी उघडली. आत घड्याळ होतं, जहाजाच्या वेळेवर बिनचूक चालत होतं. दुसरं काही नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरला. "चीफ, मास्तरांनी सांगितलं मला. नियम गेला खड्ड्यात, आणखी पाच मिनिटं थांबतो. वहिनींना उशीर झालाय का?"

त्याने तिजोरीत कोपऱ्यापर्यंत हात घालून पुन्हा एकदा चाचपलं. मग बटण दाबलं.

"नाही, कप्तान," तो म्हणाला. "उशीर झालेला नाही."