बिननावाचा पेपर

परिषदेला पाठवायचा माझा पेपर गाईड सरांनी दोनदा परत केला. आधी पानाचे समास पट्टीनं मोजून, मग शेवटच्या पानावरचे दोन रकाने खालीवर संपतात म्हणून. "सर, निष्कर्ष एकदा वाचता का? मलाच खात्री वाटत नाही," असं मी म्हणाले की त्यांचं ठरलेलं, "आधी तो दिसायला तरी नीट कर!" शेवटी, परीक्षकांना लेखक कळू नयेत या नियमापायी आमची दोघांची नावं काढून मी तो धाडून दिला.

काही दिवसांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. परिषदेकडून त्यांच्याकडे तपासायला आलेला एक बिननावाचा पेपर त्यांनी माझ्यापुढे आपटला.

"बघ, पेपर कसा लिहू नये ते! निष्कर्षाचा आकड्यांशी काडीचा संबंध नाही. या पोराचा गाईड काय झोपा काढत होता?"

मी नुसती नजर टाकली. वाचायची गरजच नव्हती, समास ओळखीचे होते.

"नाही सर," मी हळूच म्हणाले, "पट्टी घेऊन बसले होते."