एक्काहत्तर चव्वेचाळीस

लाल दिवा लागला, आणि तीस वर्षांनी रेडिओच्या त्या खोलीतून पुन्हा पोल्का नाचाचा ठेका वाजला. अकॉर्डियनचा पहिला सूर उठताच क्लेमेन्स जिरोवेकच्या थकल्या गुडघ्यांनी टेबलाखाली आपसूक ताल धरला.

"ऐकताय ना मंडळी? मी क्लेम. हो, तोच! मेलो नाही अजून. गाणं सांगा, लगेच लावतो. फोन फिरवा, एक्काहत्तर चव्वेचाळीस!"

काचेपलीकडे डॅनिएल फोनपाशी बसली होती. मिल्वॉकी शहरातून येऊन तिने हे रेडिओ स्टेशन वसंतात विकत घेतले होते. तिची अट साधी होती. अकरा ते बारा, एक तास. तेवढ्यात वीस फोन आले, तर रोजची सकाळ क्लेमची. नाही तर बाराच्या ठोक्याला उपग्रहावरून येणारी, कुणाचीच नसलेली गाणी पुन्हा सुरू होणार होती, आणि या वेळी कायमची.

या भिंतींनी बरेच पाहिले होते. पोल्का गेला, कंट्री गाणी आली. त्यांना रॉकने हुसकावले. रॉकनंतर दिवसभर भांडणारी माणसे आली, आणि शेवटी तर माणसेच गेली. दर बदलाला भिंतींवर नव्या रंगाचा हात बसे. कोपऱ्यात जिथे पोपडे उडाले होते, तिथे सगळ्यांत खालचा पिवळा दिसत होता. तो पिवळा क्लेमच्या काळातला.

अकरा वीस झाले. फोन वाजला नाही.

"आळशी झालात की काय? हात गाईच्या आचळाला असेल तर बायकोला सांगा! एक्काहत्तर चव्वेचाळीस!"

अकरा पस्तीस. डॅनिएलने फोन उचलून कानाला लावला. तो चालू होता. तिने तो हळूच खाली ठेवला. माईकवर तो हसत होता. मनात मात्र कुणीतरी शांतपणे विचारत होते, या सुरांवर नाचलेले सगळे आता चर्चमागच्या टेकडीवर तर निजले नसतील?

त्याने पुढचे गाणे लावले, माईक बंद केला. तेवढ्यात दार धाडकन उघडले.

"क्लेम, मेल्या! जीव घेतोस का माझा?" रस्त्यापलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात फोन घेणारी व्हर्ना धापा टाकत आत शिरली. "एक्काहत्तर चव्वेचाळीस आमचा नंबर आहे! तुम्ही तो सोडलात त्याला जमाना झाला. अर्धा तास झाला, फोन खाली ठेवू देत नाहीत लोक!"

क्लेमचा हात तोंडावर गेला. नवा नंबर समोरच्या काचेवर, हातभर अंतरावर, चिकटवलेला होता. त्याने तिकडे पाहिलेच नव्हते. पोल्काबरोबर पोल्काच्या काळातला नंबरही जिभेवर परतला होता.

"मी ऐकत होते की," मागून आलेली डॅनिएल पुटपुटली. "पण स्वतःलाच फोन कोण करतं? आपला नंबर मला तरी कुठे पाठ आहे!"

व्हर्नाने गुरांच्या लसीकरणाची कार्डे टेबलावर आपटली. प्रत्येकाच्या पाठीवर घाईघाईने लिहिलेले एकेक गाणे होते, एकेक नाव होते. "एक्केचाळीस झाले. पुढचे लिहायचे सोडून पळत आलेय. त्या नोवाकची गाय अडलीय, डॉक्टर हवा होता. पण त्याने आधी गाणं सांगितलं, मग गाय!"

डॅनिएल कार्डे एकेक करून वाचत गेली. हसू दाबण्याचा तिचा प्रयत्न तिसऱ्या कार्डाला फसला.

"सोमवारी सकाळी सहाला या, क्लेम," ती म्हणाली. "पण देवासाठी, आता तरी नंबर नीट सांगा."

क्लेमने मान डोलावली. डोळे पुसले, घसा साफ केला. काचेवरचा कागद एकदा नीट वाचून घेतला. लाल दिवा लागला.

"मंडळी," तो माईकजवळ सरकला, "मी सोमवारी येतोय. रोज येतोय! सांगा काय वाजवू? फिरवा एक्काहत्तर चव्वेचाळीस!"

व्हर्ना दाराकडे धावत सुटली. रस्त्यापलीकडे, दवाखान्याच्या उघड्या खिडकीत फोन खणखणू लागला होता. क्लेमने कानांवरचे हेडफोन काढले, आणि तो ऐकत राहिला.